दाराला दुपट्टा होता

आधीच सांगून ठेवते, आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. आजोबांनी छप्पन साली घरातले देव वैनगंगेत सोडले, त्यानंतर आमच्याकडे ना अंगारा आला ना लिंबू-मिरची. बाबा वीज खात्यात लाईनमन होते. वादळ झालं की मसणघाटाच्या कडेच्या खांबावर चढून तार जोडणारा माणूस. लोक विचारायचे, भीती नाही वाटत? तर म्हणायचे, "भुताले कायले भ्याचं? ते का शॉक मारते?" मी त्यांचीच पोरगी. या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत, हसत हसत वाचलेत. आज माझाच लिहायला बसले आहे, आणि हसू येत नाहीये...

गाव शहापूर. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना हायवेवर लागतं. मी प्राथमिक शाळेत असताना गोंदिया वेगळा झाला, आणि गुरुजींनी आम्हाला जिल्ह्याचा नकाशा पुन्हा काढायला लावला. बाकीची पोरं वैतागली. मला मात्र मजा आली, अर्धा जिल्हा खोडून उरलेला नीट बसवायचा. डिझाईनचं खूळ बहुतेक तिथूनच डोक्यात शिरलं.

मी एका स्टार्टअपमध्ये यूएक्सची लीड आहे. म्हणजे अ‍ॅपमध्ये कुठलं बटण कुठे असावं, ते दाबल्यावर माणूस गोंधळू नये, हे बघणारी टीम माझ्याकडे आहे. गावात हे समजावून समजावून मी थकले. आई सरळ सांगते, "कम्प्युटरचं हाय." कंपनी पहिल्या दिवसापासून रिमोट. ऑफिसच नाही, भाड्याची एक खोलीसुद्धा नाही. कोणी कोचीला, कोणी इंदूरला, मी शहापूरला, घराच्या वरच्या खोलीत. आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी अ‍ॅप करतो. पेशंटनं मोबाईलवर नंबर लावायचा आणि नंबर येईपर्यंत वाट पाहायची.

आता दुपट्ट्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. आमच्याकडे पुरुष खांद्यावर टाकतात तो दुपट्टा, बाबांचा जुना, लाल काठाचा. कॉल सुरू झाला की मी तो माझ्या खोलीच्या कडीला बांधायचे. दुपट्टा असला की कोणी आवाज द्यायचा नाही, वर यायचं नाही. हा नियम करावा लागला, कारण एकदा पैसे लावणाऱ्या लोकांसमोर डेमो चालू असताना आई भाजलेल्या शेंगांचं ताट घेऊन थेट कॅमेऱ्यात आली होती. आईनं नियम तसा दोन-चारदा मोडला. बाबांनी कधीच नाही. लाईनमनचं एक असतं — माणूस खांबावर चढला की खाली स्विचला पाटी लावतात, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्यानं हात लावला तर वरचा माणूस गेला. बाबांनी जन्मभर ते पाळलं. माझा दुपट्टा त्यांच्यासाठी ती पाटीच होती.

सलील आमचा फ्रंटएंडचा लीड. मी काढलेलं चित्र तो प्रत्यक्ष चालतं करायचा. तासगावचा, तिथूनच काम करायचा. काही वर्षं आम्ही रोज बोलत होतो, अगदी रोज. त्याच्या पंख्याचा खडखडाट मला पाठ होता. त्याच्याकडे भाजीवाला कधी ओरडतो, त्याची ताई कुठल्या वेळी डोकावते, सगळं ठाऊक. पण आम्ही एकदाही भेटलो नव्हतो. टीमनं एकत्र जमायचा बेत दोनदा ठरला आणि दोन्ही वेळा बारगळला.

मला तो आवडायचा. सरळच लिहिते, आता लपवायचं कोणापासून? त्यालाही मी आवडत असावे. पण ते कॉलवर बोलायची गोष्ट नव्हती, आणि दोघांनाही ते कळत होतं.

कॅमेऱ्यात तो नेहमी अर्धाच दिसायचा. खुर्चीत घसरून बसायचा, स्क्रीनवर नुसतं कपाळ, डोळे आणि अर्धं नाक. मी त्याला बुटक्या म्हणायचे. "बुटक्या, जरा वर सरक, दिसत नाहीस." तो हसायचा, सरकायचा, पाच मिनिटांत पुन्हा खाली. मी मनात त्याची उंची माझ्याएवढीच धरून चालले होते. आमच्या घरात सगळेच ठेंगणे, त्यामुळे हिशोब बरोबर बसत होता.

आमचं मोठं भांडण झालं ते वाट पाहण्याच्या स्क्रीनवरून. नंबर लावून पेशंट दवाखान्यापर्यंत पोचला की त्यानं दाबायचं 'मी आलोय' असं एक बटण सलीलला हवं होतं. मला नको होतं.

"अगं, बाहेर बसलेल्या माणसाला अजून किती वेळ लागेल हे नको असतं," तो म्हणाला. "आत कळलंय का मी आलोय, एवढंच पाहिजे असतं त्याला. ते कळलं की तो निवांत बसतो."

"अन् प्रत्येक जण बटण दाबून राहिला, तं आतली पोरगी काम कधी करन?"

"करन," तो हसला. "काय गं ही भाषा तुझी."

"तुह्या तासगावापेक्षा बरी हाय."

लीड मी होते. बटण निघालं. त्यानं डिझाईनच्या फाईलमध्ये त्या रिकाम्या जागेवर एक कमेंट टाकली, 'बाहेरच्याचं काय?' मी ती मुद्दाम मिटवली नाही. म्हटलं, राहू दे, भेटल्यावर भांडू.

कारण भेटायचं ठरलं होतं. त्याच्या मित्राचं नागपूरला लग्न होतं, धानाच्या कापणीच्या दिवसांत. तिथून शहापूर म्हणजे एसटीनं किती लांब?

"न सांगता येऊ नको," मी बजावलं. "मी कॉलवर असले तर कोणी उठवणार नाही मले."

"मग बाहेर बसेन की. काका असतीलच."

लग्नाच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. थोडा ताप आहे, बघू कसं जमतंय, पण डिझाईनच्या रिव्ह्यूला कॉलवर असेन. त्यानंतर तो गप्प झाला. मला वाटलं, निघाला असेल. रेल्वेत रेंज नसते, लग्नघरात फुरसत नसते. मी रोज संध्याकाळी हायवेकडे एक चक्कर मारून यायचे, उगाचच.

रिव्ह्यू दुपारी होता. आई आंधळगावला मावशीकडे गेली होती, घरी बाबा आणि मी. शेजारच्या खळ्यात धान काढायचं यंत्र धडधडत होतं, म्हणून मी कानावर मोठे हेडफोन चढवले, दुपट्टा बांधला आणि दार लावलं. सगळे आले. सलील नाही. त्याच्याशिवाय वाट पाहण्याच्या स्क्रीनवर बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून आधी बाकीचं उरकलं. तरी नाही. एकेक जण निघून गेला. मी मीटिंग बंद केली नाही. या मीटिंगमध्ये तुम्ही एकट्याच आहात, असं स्क्रीन सांगत होती. मी स्वतःचाच चेहरा बघत बसले. वाटत होतं, येईल. तो उशिरा यायचा, पण यायचा.

शेवटी कंटाळून दुपट्टा सोडला आणि खाली आले. बाबा वऱ्हांड्यात खुर्चीवर होते, आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर एक भरलेला कप.

"झालं का तुहं?" बाबा म्हणाले. "तुह्या आपिसातला पोरगा आला होता."

मी तिथंच थांबले. "कोण?"

"नाव नाई सांगतलं. म्हणे, मी प्रज्ञासोबत काम करतो. म्या म्हतलं, बस बापा, दुपट्टा हाय आत्ता. तं बसला. लय येळ बसला."

"मंग मले आवाज काहून नाई देला, बाबा?"

"दुपट्टा होता ना व." त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "म्या इचारलं त्याले, देऊ का आवाज? तं म्हणे, नको काका, काम होऊ द्या तिचं. फक्त आत कळलंय का तिले, मी आलोय म्हणून? म्या म्हतलं, कळन ना. दुपट्टा सुटला का कळन."

"मंग गेला कुठं?"

"चहा ठेवला त्याच्यासमोर. तेवढ्यात खळ्यातल्या गड्यानं हाक मारली, म्हून फाटकापावतर गेलो. वापस आलो तं नाई." बाबांनी फाटकाकडं पाहिलं. "फाटकात तं मीच उभा होतो. कुठून गेला कोण जाणे."

ते शेवटचं वाक्य मी तेव्हा ऐकलंच नाही. मी चप्पल अडकवून हायवेपर्यंत पळत गेले. ट्रक, कांद्याची गाडी, एक रिकामी एसटी. तो कुठं नव्हता. फोन लावला तर बंद. मेसेज टाकला, 'आलास आणि न भेटता गेलास? तुला सोडणार नाही मी.' एकच टिक.

खरं सांगू? मला राग आला नव्हता. मी इतकी खूश होते की हसू आवरत नव्हतं. तो आला होता. माझ्या घरी, माझ्या वऱ्हांड्यात, माझी वाट पाहत बसला होता. फोन चार्ज नसेल, परत नागपूरला गेला असेल, उद्या येईल. मी घरी आले, त्याच्यासमोर ठेवलेला तो चहा स्टुलावर तसाच होता, वर साय धरलेली. बाबा ओतायला निघाले. मी त्यांच्या हातून कप घेतला आणि गार चहा पिऊन टाकला.

आईला फोन करून सांगितलं, उद्या ये, पाहुणा येणार आहे. आईनं विचारलं, "कसा पाहुणा व?" मी म्हटलं, ये तर आधी. केस धुतले. निळा कुर्ता इस्त्री केला. ती संध्याकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली संध्याकाळ होती, आणि ती खोटी होती असं मी अजून म्हणू शकत नाही.

सकाळी टीमच्या चॅनेलवर आमच्या फाउंडरचा मेसेज होता. सलील गेला. मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये, काल दुपारी. डेंग्यू होता, उशिरा कळलं. तो नागपूरला निघालाच नव्हता.

काल दुपारी. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला.

निळा कुर्ता दाराच्या मागे टांगलेला होता. आई पहिल्या बसनं येऊन उंबऱ्यात उभी होती आणि विचारत होती, कुठे आहे पाहुणा.

रिमोट कंपनीत माणूस मेला की काय होतं, ते मी तेव्हा पाहिलं. सगळ्यांनी मेणबत्तीची चित्रं टाकली. कॅमेरे बंद करून थोडा वेळ शांतता पाळली. मग कोणीतरी त्याचं अकाउंट बंद केलं आणि त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला. ना कुठली रिकामी खुर्ची, ना टेबलावर राहिलेला डबा. मी रजा टाकली तर कारण काय लिहू? कागदोपत्री तो माझा सहकारी होता. मी कोण होते त्याची? रडायला मला वर जाऊन दाराला दुपट्टा बांधावा लागायचा.

मग डोकं जाग्यावर आल्यावर मी विचार केला की बाबांनी कोणाला तरी दुसऱ्यालाच पाहिलं असेल. कुरिअरवाला असेल, बँकेचा पोरगा असेल. आमच्या कामात लोकांना प्रश्न विचारायची एक शिस्त असते. उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही. फोटो समोर धरून 'हाच ना?' विचारलं की समोरचा हो म्हणणारच. म्हणून मी बाबांना नुसतं म्हटलं, "त्या दिवशी जो पोरगा आला होता, तो कसा होता सांगा."

"उच्चापुरा," बाबा लगेच म्हणाले. "लय उच्चा. ह्या टिनाखालून वाकून आला. आला अन् आधी इचारते, चपला कुठं काढू काका? म्या म्हतलं, राहू दे बापा, आमच्याकडं चालते. तरी काढल्याच त्यानं."

उंच म्हणजे तो नाही. सलील तर बुटक्या. सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं, पण हातातलं काहीतरी कोणी हिसकावून न्यावं तसं झालं. तरी शिस्तीत शेवटपर्यंत जायचं म्हणून मी जुन्या मीटिंगचा एक स्क्रीनशॉट उघडला. सगळ्या टीमचे चेहरे चौकटी-चौकटीत. सलीलचं तिथंही कपाळ, डोळे आणि अर्धं नाक. "यातलं कोणी ओळखता का?"

बाबांनी चष्मा पुसला, एकेका चौकटीवरून बोट फिरवलं आणि त्या अर्ध्या चेहऱ्यावर ठेवलं. "हा."

"पण बाबा, हा उंच नाही."

"म्या पायलं ते पायलं," ते म्हणाले. "कोण होता ते तू पाय." मग मी त्यांना सगळं सांगितलं.

मी तरी मानलं नाही. म्हटलं, कॉल चालू असताना माझ्या स्क्रीनवर त्यांनी तो चेहरा कधी पाहिला असेल. कॉलचा आवाज जिन्यावरून खाली जातो, 'आत कळलंय का मी आलोय' हे आमचं भांडण त्यांच्या कानावर गेलं असेल. म्हातारं माणूस, दुपारची झोप, गुंगीत सगळं मिसळलं असेल. हे स्पष्टीकरण मी स्वतःला देत होते आणि ते बरं चाललं होतं.

पुढे सलीलच्या ताईचा फोन आला. कंपनीनं लॅपटॉप परत मागितला होता, तो कसा पाठवायचा ते विचारायला. काम एका मिनिटात झालं, पण दोघींनीही फोन ठेवला नाही.

"तू प्रज्ञा ना?" ती म्हणाली. "घरात रोज तुझं नाव होतं गं. भंडाऱ्याला जायचं, भंडाऱ्याला जायचं. बॅग पण भरली होती त्यानं."

मी विचारलं, त्रास फार झाला का त्याला.

"ताप उतरतच नव्हता. त्यात त्या कॉटवर मावेना. पाय निम्मे बाहेर. शेवटी पायाकडं स्टूल लावलं नर्सनं. आमच्या सगळ्या भावकीत एवढा उंच कोणी नाही बघ, दारातून जाताना पण वाकायचा. त्या लॅपटॉपसमोर सुद्धा कायम घसरूनच बसायचा, मी ओरडायचे पाठ दुखेल म्हणून. शेवटी शेवटी तापात बडबडत होता. चपला कुठं काढू, चपला कुठं काढू. अनवाणीच आहेस रे बाबा, मी म्हणायचे. एकदा असंच विचारलं आणि मग शांत झाला. हसल्यासारखा."

मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं का, हे मला अजून कळत नाही.

तापात माणूस काहीही बोलतो, हे मला कळतं. चपला कुठं काढू, हे कोणाच्याही घरी गेल्यावर कोणीही विचारतं. पण त्याची उंची आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हती. मला नव्हती. बाबांना कुठून कळली? मी कुठूनही विचार केला तरी तिथं येऊन अडकते. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर सांगा, पण उगाच दिलासा देऊ नका. बाबा अजूनही भूत मानत नाहीत. ते एवढंच म्हणतात, "पोरगा चांगला होता. बसला शांत." आणि माझ्या कडीचा दुपट्टा त्यांनी स्वतःच सोडून नेला. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्यानं लावलेली पाटी काढली. "हा आता नको लावू," म्हणाले.

अ‍ॅपमध्ये 'मी आलोय' बटण आता आहे. टीमनं विचारलं, आधी नको म्हणत होतीस, आता काय झालं? मी म्हटलं, वापरणाऱ्यांना हवं आहे. त्याची ती कमेंट मात्र तशीच उघडी ठेवली आहे. नाव गेलंय तिथलं, नुसतं 'माजी सदस्य' दिसतं.

एक दिवस मी बाबांना वऱ्हांड्यात उभं केलं आणि विचारलं, तो निघण्याआधी उभा राहिला होता का कधी? ते म्हणाले, हो ना, एकदा उठून या खांबाले टेकून वरती तुह्या खोलीकडं पाहत होता. कुठवर आला होता ते दाखवा, मी म्हटलं. बाबांनी टाचा उंचावून हात वर नेला आणि खांबावर बोट टेकवलं. मग खिशातला खिळा काढून तिथं रंगावर एक बारीक रेघ ओढली.

आई म्हणते, पोरगी दुपारी उगाच त्या खांबाशी उभी राहते. राहते खरी. पाठ लावून उभी राहते आणि डोक्यावर हात ठेवून रेघ किती वर आहे ते बघते. इतकी वर्षं रोज बोललो, आणि हे मला त्याच्याबद्दल आत्ता कळलं. मी त्याच्या खांद्याला लागले असते.